जमीन नसलेल्या नाईटचं पोट कशावर चालायचं?

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडात वडिलांची जमीन थोरल्या मुलाकडे जायची, असं वाचलं. मग धाकटा मुलगा नाईट झाला तर त्याला राजा पगार द्यायचा का? घोडा-चिलखताचा खर्च कोण करायचं?

उत्तर : नुसतं नाईट झाल्याने पगार सुरू होत नसे, खर्च मात्र त्याच दिवसापासून मागे लागे. विल्यम मार्शलचं आयुष्य बघा. माझ्या मते त्या काळाचा त्याच्याहून बोलका माणूस नाही.

हा जॉन मार्शल या सरदाराचा धाकट्यांपैकी एक मुलगा. 1152 मध्ये स्टीफन राजाकडे ओलीस असताना बापाने शब्द मोडला. पोराला फाशी देण्याची धमकी आली, तर आणखी पोरं घडवायला हातोडा आणि ऐरण माझ्यापाशी आहे, असा निरोप बापाने धाडला! राजालाच दया आली, म्हणून पोर वाचलं.

पुढे नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या सरदाराच्या पदरी तो शिकला आणि 1166 च्या सुमारास नाईट झाला. पहिल्याच लढाईत जीव तोडून लढला, पण त्याचा घोडा मारला गेला. रात्री मेजवानीत एसेक्सच्या अर्लने (अर्ल म्हणजे वरच्या दर्जाचा सरदार) त्याच्याकडे भेट मागितली : एखादी दुमची (घोड्याच्या शेपटीखालचा पट्टा) नाहीतर जुना पट्टा तरी दे. विल्यम म्हणाला, माझ्याकडे कुठून असणार? त्यावर अर्ल म्हणाला, आज तर चाळीस-साठ तुझ्या हातात होते! सारे हसले. लढताना शत्रूचे घोडे आणि माणसं धरायची असतात, हे पोराच्या ध्यानातच आलं नव्हतं. शेवटी नाईट होताना मिळालेला झगा 22 शिलिंगांना विकून त्याने एक साधं तट्टू घेतलं.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे. तेव्हाच्या टूर्नामेंटमध्ये, म्हणजे नाईटांच्या लढाईच्या स्पर्धेत, दोन फळ्या मोकळ्या रानात, गावांच्या मधल्या शेतांतून भिडत. पकडलेल्याचा घोडा आणि सरंजाम जिंकणाऱ्याचा, शिवाय सुटकेची खंडणी. फ्रान्समधल्या ल मांजवळच्या टूर्नामेंटमध्ये विल्यमने एका नाईटच्या घोड्याचा लगाम धरून त्याला मैदानाबाहेर ओढत नेलं. खंडणीच्या वचनावर सोडलं आणि परत भिडला. नंतर त्याने रॉजर द गॉगी या नाईटशी भागीदारी केली. दोघांनी एका हंगामात 103 नाईट धरले आणि मिळकत वाटून घेतली. आयुष्यात 500 नाईट धरले, हा मात्र त्याचा मरतेवेळचा स्वतःचा दावा. शिवाय ही सारी हकिगत त्याच्या मुलाने लिहवून घेतलेल्या जुन्या फ्रेंच काव्यातली आहे, तेव्हा थोडं हातचं राखून वाचावं.

पण स्पर्धांच्या मिळकतीवर कोणी अर्ल होत नसे. 1168 मध्ये तो जखमी होऊन कैदेत पडला, तेव्हा इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या एलिनॉर राणीने खंडणी भरून सोडवलं आणि राजघराण्याची दारं उघडली. 1189 मध्ये मोठ्या जहागिरींची वारस असलेल्या इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं, तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्याच्या हाती वेल्स आणि आयर्लंडमधल्या जहागिरी आल्या. 1216 मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्री राजाचा कारभारी झाला आणि पुढच्या वर्षी सत्तरीच्या घरात लिंकनच्या लढाईत स्वतः घोडा घातला.

असं नशीब फार थोड्यांचं. बाकीचे भूमिहीन नाईट जन्मभर कोणा सरदाराच्या पदरीच राहत. जेवण, कपडे, लढाईत मेलेल्या घोड्याच्या जागी दुसरा घोडा, यासाठी त्याच्याच तोंडाकडे बघावं लागे.