तोफखान्यात निघालेल्या मुलीस

दादर, मुंबई

बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तू सांगितलंस, "काका, आर्टिलरी मिळाली," आणि पुढे गप्पच झालीस. घरी कुणीतरी म्हणालं होतं, "म्हणजे लढायचं पायदळानं, तुम्ही लांबून गोळे टाकायचे." तुला त्यावर उत्तर सुचलं नाही. मलाही तिथं नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

समोर मैदानात तेव्हा नेट लागलेली होती आणि पोरं गोलंदाजीसाठी भांडत होती. हा शब्द क्रिकेटला फार उशिरा मिळाला. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, तोफेवरचा माणूस. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई इलाख्याच्या लष्करात एक कंपनी उभी राहिली. तिचं नावच गोलंदाज बटालियनची आठवी कंपनी. तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, झाली आणि तिचा धागा आजही तुटलेला नाही. तोफखाना २८ सप्टेंबरला 'गनर्स डे' पाळतो तो याच कंपनीमुळे. त्या काळात मुंबईच्या तोफखान्याची छावणी कुठं होती, ठाऊक आहे? माटुंग्याला! तिथली हवा मानवेना म्हणून ती पुढे नगरला हलली. तू ज्या गल्ल्यांत सायकल शिकलीस, तिथं कधीकाळी गोलंदाजांची परेड होत होती.

पण आपल्याकडची गोलंदाजी १८२७ ला सुरू झाली असं समजू नकोस. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. महादजी शिंद्यांनी कवायती पलटणी उभारल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेची दाणादाण उडवली. इंग्रजांची रांग तोफांवरून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले आपले काही गोलंदाज उठले आणि त्याच तोफा उलट्या वळवून त्यांनी पाठीमागून मारा केला. लढाई हरली, पण तोफ सोडली नाही. त्या गोलंदाजांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

तोफेची धास्ती इंग्रजांना किती होती, ते १८५७ नंतर दिसलं. उठाव मोडल्यावर त्यांनी हिंदी माणसाच्या हातून तोफा काढून घेतल्या. थोड्या डोंगरी बॅटऱ्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्या तोफा सुट्या करून खेचरांवर लादायच्या, डोंगर चढायचा आणि वर पुन्हा जोडायच्या. अधिकारी अर्थातच गोरे. बंदूक दिली, तलवार दिली, पण मैदानी तोफ पाऊणशे वर्षं आपल्या माणसाला दिली नाही. ती मिळाली १५ जानेवारी १९३५ ला, बंगळूरमध्ये पहिली हिंदी फील्ड ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. अगदी सुरुवातीला तोफखान्यात आलेल्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी एक, कुमारमंगलम, १९६६ साली लष्करप्रमुख झाले. मी हा इतिहास वाचतो तेव्हा मला लढायांपेक्षा हेच जास्त दिसतं, की तोफ कोणाच्या हाती द्यायची हा आधी विश्वासाचा प्रश्न असतो.

आता "लांबून" या शब्दाबद्दल. डिसेंबर १९४४, ब्रह्मदेशातलं कालादान खोरं. हवालदार उमराव सिंगांच्या तोफेवर जपानी तुटून पडले. माणसं पडत गेली, दारूगोळा संपला, तेव्हा या माणसानं पहारीसारखा लोखंडी दांडा उचलला. काही तासांनी आपली माणसं पोचली, तेव्हा ते तोफेशेजारी जवळजवळ बेशुद्ध पडले होते. अंगावर ७ जखमा आणि भोवती १० जपानी सैनिकांची प्रेतं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. तोफखान्यात निशाण वेगळं नसतं, तोफ हेच निशाण. म्हणून ती सोडायची नसते.

शिवाय तोफ मागे असली तरी तिचे डोळे पुढे असतात. ओपीवरचा, म्हणजे निरीक्षण चौकीवरचा, अधिकारी पायदळाच्या कंपनीबरोबर चढतो आणि कंपनी कमांडरच्या हाकेच्या अंतरावर राहतो. दुर्बीण, नकाशा, रेडिओ. त्याच्या एका वाक्यावर काही किलोमीटर मागच्या तोफा बोलतात. १९९९ मध्ये कारगिलला तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेट डागली. तोलोलिंगवर शेवटची चढाई झाली तेव्हा शंभराहून जास्त तोफा एकाच डोंगरावर आग ओकत होत्या. त्या उंचीवर हवा विरळ, गोळा नेहमीपेक्षा लांब जातो. कोष्टकातला आकडा जसाच्या तसा चालत नाही, पडलेला गोळा बघून दुरुस्ती करत जावं लागतं. आणि वर चढणारी आपली पोरं त्या गोळ्यांच्या अगदी जवळ असतात. कारगिलमधल्या पॉइंट ५१४० या शिखराला २०२२ मध्ये 'गन हिल' नाव दिलं, ते या माणसांसाठी. त्या दिवशी टीव्हीसमोर माझे डोळे भरून आले, हे तुला सांगायला लाज वाटत नाही.

माझी एक गोष्ट ऐक. नवा सेकंड लेफ्टनंट होतो, सरावाच्या रेंजवर लक्ष्याचा ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारे आकडे, देताना दोन आकडे उलटे बोललो. माझा टेक्निकल असिस्टंट, म्हणजे माऱ्याचं गणित मांडणारा, एक हवालदार होता, माझ्याहून वयानं बराच मोठा. तो शांतपणे म्हणाला, "साब, फिरसे पढ़िए." नकाशावर बोट ठेवलं आणि हातपाय गार पडले. मी सांगितलेल्या जागी दुसऱ्या बॅटरीची माणसं होती. त्यानं कुणाला सांगितलं नाही, मीच संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून आकडा दोनदा वाचल्याशिवाय मी कधी बोललो नाही. देवळालीला, तोफखान्याच्या शाळेत, तुला गणित शिकवतील, उपकरणं शिकवतील, हल्ली संगणक क्षणात उत्तर देतो. तरीही आकडा दोनदा वाच. आणि "फिरसे पढ़िए" म्हणणारा माणूस तुझ्यासमोर बिनधास्त तोंड उघडू शकेल, अशी वाग. पहिल्याच आठवड्यात डिटॅचमेंटबरोबर, म्हणजे एका तोफेवरच्या माणसांबरोबर, गोळे उचल. १५५ मिलिमीटरचा एक गोळा चाळीसेक किलोचा असतो. पाठ दुखेल, पण कुणाच्या पाठीवर तू हुकूम देतेस ते कळेल.

एप्रिल २०२३ मध्ये तुझ्याच चेन्नईच्या अकादमीतून पहिल्या ५ महिला अधिकारी तोफखान्यात आल्या. १९३५ ला बंगळूरच्या त्या मुलांकडे सगळ्यांनी जसं रोखून पाहिलं असेल, तसंच तुमच्याकडेही पाहतील. पाहू देत.

देवळालीला गेलीस की एखाद्या रविवारी नाशिकरोडचं तोफखान्याचं संग्रहालय बघ. आणि जायच्या आधी शनिवारी घरी ये. माझा जुना सर्व्हिस प्रोट्रॅक्टर, नकाशावर कोन मोजायचा, काढून ठेवलाय. कडा पिवळी पडलीय, पण आकडे स्पष्ट दिसतात.

तुझा
काका