माणसं हवीत, आवाज नको

"मॅडम, मला माणसं नकोशी व्हायला लागलीत का हो? मी अशी नव्हते."

मीनलचा (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) हा पहिलाच प्रश्न. वय 34, बँकेत काउंटरवर काम. सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन हिच्याकडे, भिशी जमवणारीही हीच. आणि गेले सहा महिने घरात पाऊल टाकलं की दहा मिनिटांत तिचा आवाज चढायचा. मुलगा हळूच आजीच्या मागे जाऊन उभा राहतो, हे सांगताना तिचे डोळे भरले. नवऱ्याच्या मते ती अंतर्मुख होत चालली होती. सासूबाईंच्या मते हे सगळे नखरे.

बोलताना ती सारखी वर बघत होती. माझ्या खोलीतला पंखा फिरताना बारीक टिकटिक करतो. त्या खोलीत मी कित्येक वर्षं बसते आहे, पण ती टिकटिक मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली. मी पंखा बंद केला आणि तिचे खांदे खाली आले. मग तिने कुर्त्याचा गळा मागून दाखवला. लेबल मुळापासून कापलेलं होतं, तरी शिवणीत राहिलेल्या दोऱ्याच्या टोकाने मानेवर लाल ओरखडा उमटला होता. "लहानपणी आई सगळ्या फ्रॉकची लेबलं उसवून द्यायची," ती म्हणाली. म्हणजे हे सहा महिन्यांचं दुखणं नव्हतंच.

अशा वेळी मी आधी शरीराकडे बघायला सांगते. अर्धशिशी, थायरॉइड, कानाचे त्रास, कमी झोप, यांनीही आवाज आणि उजेड सोसेनासे होतात. मीनलच्या तपासण्या ठीक आल्या. मग तिला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली: कधी चिडलीस, आजूबाजूला काय चालू होतं, आदल्या रात्री किती झोपलीस.

वहीत माणसांबद्दल जवळजवळ काहीच नव्हतं. होती ती संध्याकाळची साडेसातची वेळ. कुकर, मिक्सर, टीव्हीवरची मालिका, फोडणीचा ठसका, डोक्यावर ट्यूबलाइट, सगळं एकदम. तोच कुकर आणि तोच मिक्सर सकाळी सहाला चालायचा, तेव्हा कपाळावर आठीसुद्धा नाही. सहा महिन्यांपूर्वी तिची बदली भर चौकातल्या शाखेत झाली होती. दिवसभर हॉर्न आणि टोकनची घंटा ऐकून ती काठोकाठ भरून घरी यायची. घरच्या पहिल्या शिट्टीला सांडायची.

इथे मला सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं, कारण हा गोंधळ माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत आहे. संवेदना तीव्र असणं आणि माणूस एकलकोंडा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इलेन आणि आर्थर ॲरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पतिपत्नींनी 1997 साली या तीव्र संवेदनशीलतेवर संशोधन प्रसिद्ध केलं आणि ती मोजायला 27 प्रश्नांची पट्टीही दिली. तो आजार नाही, जन्मजात ठेवणीचा भाग आहे. अशा माणसांत बोलकी, माणसांत रमणारीही पुष्कळ असतात. 2019 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा प्रौढांत या संवेदनशीलतेचा बहिर्मुख किंवा अंतर्मुख असण्याशी संबंध आढळला नाही. संबंध दिसला तो लवकर काळजी लागण्याच्या स्वभावाशी, आणि थोडा कला-कल्पनांच्या ओढीशी.

ॲरन यांना आणखी एक गोष्ट दिसली होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. तीव्र संवेदनेची ठेवण असून ज्यांचं बालपण दुःखात गेलं, त्यांच्यात उदासी आणि बुजरेपणा जास्त होता. बाकीचे बऱ्याच अंशी चारचौघांसारखेच होते. ठेवण घेऊन मूल जन्माला येतं, पण तिच्यावर स्वभाव कसा चढतो ते घरावरही अवलंबून असतं. म्हणून 'रडूबाई', 'नाजूक' असं मुलांना येताजाता म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मीनलच्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने फक्त लेबलं उसवली.

पुढचे उपाय साधे होते. घरी आल्यावर वीस मिनिटं गच्चीवर, फोन खाली ठेवून. चटणी-वाटण सकाळीच. आणि "किती आवाज करता तुम्ही!" याऐवजी "आत्ता मला सोसत नाहीये" एवढंच वाक्य. कानात बोळे घालून दिवस काढण्याला मात्र मी नाही म्हटलं. सततच्या शांततेची सवय झाली की सोसायची ताकद आणखी घटते.

तिसऱ्या भेटीला सासूबाई आल्या. त्यांना मधुमेह आहे. बराच वेळ गप्प बसून म्हणाल्या, "मागच्या वर्षी हीच म्हणाली होती, आई, तुमची चप्पल वेगळी वाजतेय. मी म्हटलं, काहीतरीच तुझं. डॉक्टरांकडे गेलो तर तळव्याला जखम. मला कळलीच नव्हती." मीनल त्यांच्याकडे बघतच राहिली. घरात ही गोष्ट पुन्हा कुणी काढलीच नव्हती.

ती काळजी करते, ते अजून आहे आणि त्यावर आमचं काम चालू आहे. विसर्जनाला डीजे दारावरून गेला तेव्हा ती पुन्हा ओरडली, नंतर रडलीही. पण आता साडेसातला सासूबाई टीव्हीचा आवाज आपणहून कमी करतात, आणि मुलगा गच्चीच्या दाराशी जाऊन विचारतो, "आई, झाली का वीस मिनिटं?"