तहाची कलमं वाचायची आवड : पुढे काय शिकावं?

प्रश्न : मुलगी बी.ए. (इतिहास) दुसऱ्या वर्षाला आहे. नवव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये तह कसे होत आणि कसे टिकत, यावरच संशोधन करायचं म्हणते. यात पोट भरेल का? तयारी कुठून करावी?
– एक पालक, सातारा

उत्तर : विषय अस्सल आहे, वाट मात्र अरुंद. म्हणून एम.ए.चा फॉर्म भरण्याआधी तिला तीन महिने एकच तहनामा वाचू द्या : दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डेन लोकांचा (इंग्लंडवर चाल करून आलेल्या व्हायकिंगांचा) राजा गुथ्रम यांचा. प्रस्तावना आणि पाच कलमं, एवढाच मजकूर आहे. इंग्रजी भाषांतर सहज मिळतं.

आधी तिने हे शोधावं, की त्यापूर्वीचे तह का मोडले. ८७६ मध्ये वेअरहॅमला डेन सैन्याने पवित्र वळ्याची शपथ घेतली, ओलीस दिले आणि रातोरात निसटून एक्सेटर गाठलं. ८७८ मध्ये एडिंग्टनला हरल्यावर गुथ्रमने तीस साथीदारांसह बाप्तिस्मा घेतला, आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला, बारा रात्री पाहुणचार झाला. तरी ८८५ मध्ये ईस्ट अँग्लियातल्या, म्हणजे गुथ्रमच्याच राज्यातल्या, सैन्याने शांतता मोडलीच.

हा लेखी तह बहुतेक अभ्यासक ८८६ नंतरचा मानतात. ८९० मध्ये गुथ्रम वारला, म्हणजे त्याआधीचा. पहिल्या कलमात सरहद्द आहे : थेम्सने वर, मग ली नदीने उगमापर्यंत, तिथून सरळ बेडफर्ड, पुढे ऊझ नदीने वॉटलिंग या जुन्या रोमन रस्त्यापर्यंत. त्यानंतरची कलमं रोजच्या भांडणांची आहेत. इंग्रज मारला जावो की डेन, भरपाई सारखीच : वरच्या दर्जाच्या माणसासाठी शुद्ध सोन्याचे आठ अर्धे मार्क (मार्क हे तेव्हाचं वजन), खंडाने जमीन कसणाऱ्यासाठी दोनशे शिलिंग. राजाच्या सरदारावर खुनाचा आळ आला तर त्याने बारा सरदारांच्या शपथेने तो धुवायचा. गुलाम, घोडा, बैल घेताना मालकीची हमी देणारा कोण, हे ठाऊक हवं. माझ्या मते या तहाचं खरं बळ इथे आहे : एका चोरीच्या बैलावरून दोन्हीकडची माणसं पुन्हा हत्यारं उचलणार नाहीत, याची ही तजवीज आहे.

पाचवं कलम तिने मुळातून वाचावं. पलीकडे व्यापाराला जायचं तर ओलीस द्यायचे, कशासाठी? मनात कपट नाही याची खूण म्हणून. त्यासाठी मूळ शब्द आहेत ‘क्लॅने बॅक’, म्हणजे ‘स्वच्छ पाठ’. भाषांतरात त्याचं ‘फसवणूक नाही’ होतं आणि पाठ हरवते. जुनी इंग्रजी, लॅटिन आणि हस्तलिखित वाचन लागतं ते यासाठीच. हा मजकूर केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजातल्या बाराव्या शतकाच्या हस्तलिखितात दोन वेगळ्या रूपांत आहे. त्यांची तुलना हा सरावाचा उत्तम पहिला धडा.

आता पोटाचं. प्राध्यापकीसाठी एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवी, पीएच.डी.चीही तयारी ठेवावी. भारतात फक्त मध्ययुगीन युरोप शिकवायच्या जागा फार थोड्या. याच विषयात राहायचं तर परदेशी एम.ए. लागेल, केंब्रिजला यासाठी स्वतंत्र विभागच आहे. पण शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढून जाऊ नये, असं स्पष्ट सांगतो. दुसरी वाट इथली : संस्कृत आणि पुराभिलेखविद्या (जुने कोरीव लेख वाचायची विद्या) शिकून राष्ट्रकूट-चालुक्यांचे ताम्रपट. प्रश्न तेच राहतात, हमी कोण देतो, सीमा कशी आखतात. आणि साधनं हाताशी असतात.

तीन महिन्यांनी तिला पाचव्या कलमावर दोन पानं लिहायला सांगा आणि ती कॉलेजातल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा. तोवर क्लासचे पैसे भरू नका.