रिकाम्या खोल्या असताना नवे वसतिगृह कशाला?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची शिक्षणसंस्था तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावी आहे आणि मी तिच्या कार्यकारी मंडळाचा सदस्य आहे. महाविद्यालयाच्या आवारात मुलांचे जुने वसतिगृह असून त्यातील निम्म्या खोल्यांना कुलूप आहे. मुलींसाठी काहीच सोय नाही. एका माजी विद्यार्थ्याने दीड कोटी रुपयांची देणगी देऊ केल्यामुळे ६० मुलींचे नवे वसतिगृह बांधावे, असा ठराव पुढे आला आहे. काही सदस्यांचे म्हणणे असे की, जुने भरत नाही तर नवे कोण भरणार, गावात भाड्याच्या खोल्या मिळतात आणि तेवढ्या पैशांत प्रयोगशाळा सुधारेल. ठरावाच्या बाजूचे सदस्य म्हणतात की, उशीर केला तर देणगी हातची जाईल. आपले मत काय?

उत्तर : वसतिगृह बांधावे, असे माझे मत आहे. मात्र देणगी जाईल या धास्तीने ते बांधू नये आणि पहिल्याच झपाट्यात ६० मुलींचेही बांधू नये.

आधी रिकाम्या खोल्यांविषयी. खानदेशातील एका महाविद्यालयात मी काही वर्षे रेक्टर होतो आणि तेथेही निम्म्या खोल्या रिकाम्या राहत असत. मंडळाच्या सभेत त्याचे कारण ‘मुलांना गरज नाही’ असे नोंदवले जाई. मुलांना विचारले की ती सांगत, पाणी एक दिवसाआड येते, मेस बंद पडली आहे आणि वरच्या मजल्यावर एप्रिलमध्ये निजता येत नाही. तीच मुले गावात तिघे-चौघे मिळून खोली करून राहत आणि वसतिगृहापेक्षा अधिक भाडे भरत. म्हणजे गरज होती, फक्त आम्ही देत होतो ती सोय कोणाला नको होती. आपल्या जुन्या वसतिगृहाची कुलपे कोणत्या वर्षी आणि कशामुळे लागली, हे ठरावावर मतदान होण्यापूर्वी इतिवृत्तात यावे, कारण जो कारभार जुन्या इमारतीत चालला तोच नव्या इमारतीत जाणार असेल, तर विरोधकांचे भाकीत पाच वर्षांत खरे ठरेल.

मुलांच्या रिकाम्या खोल्यांवरून मुलींच्या गरजेचा अंदाज बांधणे मात्र सर्वस्वी चुकीचे आहे. मुलगा खोली करून राहतो, मित्राकडे पथारी टाकतो, फाट्यावरून मिळेल त्या गाडीने घरी जातो. मुलीला हे कोणी करू देत नाही, आणि तिने करावे असे आपणही म्हणणार नाही. सोय नसल्यामुळे ती महाविद्यालयात येतच नाही, म्हणून हजेरीपटावर तिची गरज दिसत नाही. आज प्रवेश घेतलेल्या मुलींना ‘वसतिगृह हवे का’ असे विचारून काढलेला आकडा म्हणूनच फसवा असतो. ज्या आल्या, त्यांची काही ना काही सोय झालेली असते. आपल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालये आणि आश्रमशाळा यांच्याकडून गेल्या तीन वर्षांत बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलींच्या याद्या घ्याव्यात, त्यांतील किती जणींनी पदवीला कोठेही प्रवेश घेतला हे पाहावे आणि ज्यांनी घेतला नाही त्यांच्या घरी जाऊन विचारावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हे काम दिवाळीपूर्वी करता येईल. दिवाळीनंतर सातपुड्यातील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि घरांना कुलपे भेटतात. याच कुटुंबांतील मुलीला वसतिगृहाची सर्वांत अधिक निकड असते, कारण त्या महिन्यांत तिला परत जायला घरच नसते.

या पाहणीत अंतराची विभागणी केल्याशिवाय हाती काही लागणार नाही. वीस-पंचवीस किलोमीटरवरून अप-डाऊन करणाऱ्या मुलींना वसतिगृहापेक्षा वेळेवर सुटणारी बस हवी असते. शेवटचा तास साडेपाचला संपतो आणि गावाकडची मुक्कामाची गाडी पाचलाच निघून जाते, असा प्रकार अनेक तालुक्यांत आहे. तो आगार व्यवस्थापकांना पत्र लिहून, नाही तर महाविद्यालयाचेच वेळापत्रक पाऊण तास अलीकडे आणून सुटतो, आणि त्याला दीड कोटी लागत नाहीत. विद्यार्थी पासाची सवलत आहेच, शिवाय मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मे तिकीट झाले आहे. या मुली वगळल्यावर घाटापलीकडच्या पाड्यांवरील ज्या उरतील, त्या आपल्या वसतिगृहाच्या खऱ्या मानकरी होत.

आता पैशांकडे येऊ, कारण सभांमध्ये बांधकामाचा खर्च मांडला जातो आणि चालवण्याचा खर्च गृहीत धरला जातो. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. आपल्या गावचे दर घालून ते पुन्हा करावेत. जिने, व्हरांडे आणि न्हाणीघरे धरून एका मुलीमागे १२० चौरस फूट आणि चौरस फुटाला २,००० रुपये धरले, तर ६० मुलींच्या इमारतीला १ कोटी ४४ लाख लागतात, म्हणजे देणगी जवळपास संपते. पुढे रेक्टर, रात्रपाळीसह दोन महिला सुरक्षारक्षक आणि दोन सफाई कामगार यांच्या पगारावर महिन्याला ६०,००० आणि वीज, पाणी व दुरुस्ती यांवर वर्षाला ४ लाख धरले, तर वार्षिक खर्च ११ लाख २० हजार होतो. साठही जागा भरल्या तर तो प्रत्येकीमागे साडेअठरा हजारांच्या वर जातो. चाळीसच भरल्या तर २८,०००, आणि यात जेवण नाही. मेसचे महिन्याला अडीच हजार धरून दहा महिन्यांचे आणखी २५,००० मिळवावेत. कोरडवाहू कापूस पिकवणारा किंवा मजुरीला जाणारा बाप एवढे भरणार नाही, जागा रिकाम्या राहतील, उरलेल्यांवर बोजा वाढेल आणि कुलपे लागू लागतील.

वसतिगृह लहान केले की प्रश्न सुटतो, असेही नाही. रेक्टर आणि पहारा निम्मा करता येत नाही, त्यामुळे लहान वसतिगृह माणशी महागच पडते. तरीही मी ४० जागांचे सुचवतो, पण एका अटीवर : देणगी सगळी विटा-सिमेंटमध्ये घालू नये. याच हिशेबाने ४० मुलींची इमारत ९६ लाखांत होते आणि तिचा वार्षिक खर्च साधारण ९ लाख ९० हजार येतो. मुलींकडून प्रत्येकी १६,००० घेतले तर साडेतीन लाखांची तूट राहते, आणि ५० लाखांची कायम ठेव ७ टक्क्यांनी तेवढेच व्याज देते. उरलेल्या चार लाखांत कॉट आणि गाद्या होतील. टाकी आणि बोअरसाठी मात्र सदस्यांना झोळी फिरवावी लागेल. पाया दोन मजल्यांचा घालून ठेवावा आणि तीन वर्षे जागा भरल्यावर वरचा मजला चढवावा. देणगीदारांना हे समजावणे अवघड जाते, कारण संगमरवरी पाटीवर इमारतीचे नाव लागते, ठेवीचे लागत नाही. तेव्हा ठेवीच्याही नावाची पाटी लावावी. ही रक्कम कायम निधीत जमा करावी असे देणगीदाराचे लेखी पत्र आवश्यक असते, म्हणून सनदी लेखापालांना आधीच विचारून घ्यावे.

शासकीय योजनांचाही विचार व्हावा. आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेत शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात रक्कम मिळते. अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पैसे हप्त्यांनी मिळतात, आणि मेसवाल्याला मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. ही मधली ओढाताण संस्थेने सोसली पाहिजे, नाही तर मुलगी दुसऱ्याच महिन्यात घरी जाते. व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली, पण कॉटभाडे माफ झालेले नाही.

प्रयोगशाळेचे म्हणाल, तर ती हवीच. पण ती वसतिगृहाच्या विरोधात उभी करण्याचे कारण नाही.

इमारतीविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण नकाशे बहुधा पुण्या-मुंबईच्या सवयीने काढले जातात. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारी थंड राहत. उघड्या स्लॅबखालची खोली रात्री बारापर्यंत भट्टी असते. खोल्यांचे तोंड पश्चिमेला नसावे, स्लॅबवर दुसरे आच्छादन असावे आणि गच्चीला उंच कठडा व कुलूपबंद दार करून मुलींना उन्हाळ्यात तेथे निजता यावे. दुसरी गोष्ट पाण्याची. वसतिगृहासाठी दर माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे ४० जणींना ५,४०० लिटर. आपल्या नगरपालिकेचे पाणी उन्हाळ्यात आठ दिवसांनी येत असेल, तर ४३,००० लिटरहून अधिक साठवण लागेल; ती नसेल तर टँकर, आणि टँकरचा खर्च वरच्या हिशेबात धरलेला नाही.

राहिला रेक्टर. हे काम एखाद्या प्राध्यापिकेच्या गळ्यात ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि माझ्याही गळ्यात ते तसेच पडले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या रॅगिंगविरोधी विनियमांना पूर्णवेळ आणि कोणत्याही वेळी उपलब्ध असणारा वॉर्डन अभिप्रेत आहे. खानदेशाला याचे उदाहरण बाहेरून आणायला नको : अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा तेथील छात्रालयही ते सांभाळत आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. गुरुजी जाहिरात देऊन मिळत नाहीत हे खरे, पण आवारात राहणारी, नीट पगार असलेली एक शहाणी बाई मिळू शकते, आणि तिची नेमणूक पायाभरणीच्या आधी झाली तर नकाशातल्या चुका तीच दाखवील.

प्रश्न : आमचा पाडा धडगाव तालुक्यात आहे. मुलगी बारावी झाली. महाविद्यालयाचे वसतिगृह पुढच्या वर्षी होणार असे सांगतात. तोवर एक वर्ष घरी ठेवावी का?

उत्तर : ठेवू नये, भाऊ. पुढच्या वर्षीचे वसतिगृह किती वर्षांनी उभे राहील, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि एक वर्ष घरी राहिलेली मुलगी पुन्हा वर्गात येणे कठीण असते. आदिवासी विकास विभागाच्या मुलींच्या वसतिगृहासाठी तिचा ऑनलाइन अर्ज आजच भरावा. तेथे जागा मिळाली नाही, तर स्वयम् योजनेचा अर्ज करावा; तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात त्याची चौकशी होईल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि तिच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते आधी तयार ठेवावे. खोली घ्यायची झाल्यास आपल्याच भागातील दोन-तीन मुलींनी मिळून, घरमालकीण त्याच घरात राहते अशी घ्यावी आणि भाडे व डिपॉझिट कागदावर लिहून घ्यावे.

प्रश्न : मी महाविद्यालयाच्या जुन्या वसतिगृहात राहतो. होळीला आम्ही सगळे आठ-दहा दिवस गावी जातो, तरी मेसचे पूर्ण पैसे घेतले जातात. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही. सातपुड्यातील मुलांना होळी दिवाळीपेक्षा मोठी असते, हे मेस चालवणाऱ्याला ठाऊक असायला हवे. सलग तीन दिवसांपेक्षा अधिक गैरहजेरी आधी लिहून कळवल्यास खाडे धरावेत, असा नियम करून घ्यावा. किराणा आणि आचाऱ्याचा पगार सुट्टीतही चुकत नाही, त्यामुळे पूर्ण रकमेची सूट मागू नका. निम्मी मागितलीत तर मिळण्याचा संभव अधिक आहे. अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि तो होळीच्या आधी पंधरा दिवस रेक्टरांकडे द्या.