8,400 डॉलरच्या जाळ्या: संपूर्ण घराला की फक्त तळमजल्याला?

मेलबर्नमधलं तुमचं दुमजली घर 2016 मध्ये बांधलेलं, घरात दोन लहान मुलं. ऑफसेट खात्यात (गृहकर्जाला जोडलेलं खातं, त्यातल्या शिल्लकेएवढ्या कर्जावर व्याज लागत नाही) 21,000 डॉलर, घरखर्च महिन्याला 6,500. शेजारी घरफोडी झाल्यावर तुम्ही दोन कोटेशन घेतलीत: सगळ्या दारा-खिडक्यांना स्टीलची जाळी 8,400 ला, आणि दुसऱ्याकडून तेवढंच काम 3,900 ला. स्वस्तातलं घ्यावं, की महागातलं दोन वर्षांच्या हप्त्यांवर, असं तुम्ही विचारलंय.

3,900 वाल्याला आधी एकच गोष्ट मागा: एएस 5039 नुसार चाचणी झाल्याचा अहवाल. 'सिक्युरिटी डोअर'साठी ऑस्ट्रेलियातलं मानक हेच, आणि त्यातल्या चाचण्या घरफोड्याच्या पद्धतींवरच बेतलेल्या आहेत. जाळीवर 100 जूलचे पाच आघात करतात. 10 किलोचं वजन एक मीटरवरून पडल्यावर साधारण एवढी ऊर्जा मिळते. कुलूप आणि बिजागऱ्यांशी स्क्रूड्रायव्हर खुपसून दार उचकटायचा प्रयत्न होतो. जाळी सुरीने कापून बघतात, ओढून बघतात. महत्त्वाचं म्हणजे ही परीक्षा नुसत्या जाळीची नसते. चौकट, कुलूप, बिजागरी सगळ्यांची एकत्र असते. त्यामुळे 'आमची जाळी टेस्टेड आहे' एवढ्यावर थांबू नका, तुमच्याकडे बसणाऱ्या पूर्ण दाराचाच अहवाल हवा. बसवणीचं मानक वेगळं आहे, त्याचा जुना क्रमांक एएस 5040. तेही कोटेशनमध्ये लिहून घ्या, कारण प्रयोगशाळेत टिकलेलं दार भिंतीत आखूड स्क्रूंवर बसवलं तर त्या अहवालाचा उपयोग शून्य. अहवाल मिळाला नाही, तर 3,900 सुद्धा जास्तच.

आता 8,400. त्यातले 4,600 तळमजल्याची दोन दारं आणि चार खिडक्यांचे, 3,800 वरच्या बेडरूमचे. तळमजला करा, आणि रोखीने करा. 6 टक्के गृहकर्जावर वर्षाला सुमारे 276 डॉलर व्याज वाढेल, पण ऑफसेटमध्ये 16,400, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च शिल्लक राहील. सगळं केलंत तर दोन महिन्यांचाही उरत नाही, आणि दोन मुलांच्या घरात ते मला पटत नाही. हप्त्याच्या योजना 'बिनव्याजी' म्हटल्या तरी खातं उघडण्याची आणि मासिक फी वाचून बघा.

वरच्या मजल्यावर तुमची खरी काळजी मुलं पडण्याची आहे, तिथे नियम वेगळा आहे. खालच्या जमिनीपासून दोन मीटर किंवा जास्त उंचीवरच्या बेडरूमची खिडकी 125 मिलिमीटरचा गोळा जाईल इतकी उघडू नये, किंवा तिची जाळी आतून बाहेर 250 न्यूटनचा (साधारण 25 किलो वजनाएवढा) रेटा सोसणारी असावी, असं 2013 पासून बांधकाम संहिता सांगते. तुमचं घर त्यानंतरचं. खिडक्यांना बहुधा रिस्ट्रिक्टर (खिडकी ठरावीक मर्यादेपलीकडे उघडू न देणारे अडसर) असतील; आधीच्या मालकाने काढले असतील तर पुन्हा बसवा, त्यासाठी 3,800 लागणार नाहीत. साध्या डासांच्या जाळीवर मात्र मुळीच विसंबू नका.

आगीच्या वेळी आतून पटकन उघडेल असंच कुलूप निवडा. विम्याच्या हप्त्यात सूट मिळेल असं विक्रेता सांगेल, पण कंपनीकडून लेखी येईपर्यंत ती हिशेबात धरू नका.