भाड्याची गाडी घाण निघाली, तर जबाबदार कोण?

प्रश्न : भाजीपाला भाड्याच्या गाडीतून पाठवला. हौद्याला आधीच्या मालाचा वास येत होता, पण ड्रायव्हर म्हणाला, "पाणी मारलंय." खरेदीदाराने माल परत पाठवला. गाडी स्वच्छ ठेवणे नेमके कोणाचे काम?

उत्तर : गाडी धुऊन, वाळवून आणणे हे वाहतूकदाराचेच काम. मात्र वास येत असतानाही माल चढवला, तर भरणाऱ्यालाही हात झटकता येत नाहीत. आपल्या मालाला कशी गाडी लागते, हे आधी सांगायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. भाडे ठरवतानाच तसे लिहून घ्या. मोबाईलवरचा मेसेजही चालेल. तोंडी बोलणे वादाच्या वेळी कोणालाच आठवत नाही.

ड्रायव्हरला पहिला प्रश्न विचारा : याआधी गाडीत काय होते? 1994 मध्ये अमेरिकेत आइस्क्रीमचे मिश्रण ज्या टँकरमधून नेले, त्यातून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहिला होता. मिश्रण पाश्चराइज केलेले, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवलेले होते, पण टँकरमधून उतरल्यावर ते पुन्हा तापवले नाही. साल्मोनेला जंतूंमुळे सुमारे 2 लाख 24 हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज निघाला. कारखाना स्वच्छ असूनही घात झाला तो वाटेत.

नुसते पाणी मारणे म्हणजे धुणे नव्हे. आधी झाडून काढा, मग साबणाच्या पाण्याने घासा, खळखळून धुवा आणि शेवटी जंतुनाशक वापरा. 4 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचे ब्लीच) असेल, तर लिटरभर पाण्यात 5 मिली घ्या, म्हणजे क्लोरीन साधारण 200 पीपीएम (दहा लाख भागांत 200 भाग) होते. मातीचा थर तसाच ठेवून हे द्रावण मारले, तर ते मातीतच वाया जाते. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हौदा कोरडा झाल्यावरच माल भरा. लाकडी फळ्यांच्या फटी हाताने तपासा, तिथेच सगळे दडून बसते.

गाडीत कीटकनाशक सांडलेले असेल, तर धुऊनही तिच्यात खाण्याचा माल भरू नका. लाकूड औषध शोषून घेते. अशी गाडी सरळ परत पाठवा, मग भाड्यावरून कुरबुर झाली तरी चालेल. ताडपत्रीची आतली बाजू आणि बाजारातून परत आलेले क्रेट कोणी बघतच नाही. तेही धुवायला हवेत.

तुमच्या नुकसानीचा निकाल व्यवहारात काय ठरले होते त्यावर लागेल, म्हणून गाडीचे फोटो आणि परतीची नोंद जपून ठेवा. परत आलेल्या मालाला औषधाचा वास असेल, तर तो दुसऱ्या बाजारात विकू नका आणि जनावरांनाही घालू नका.