१६ तासांच्या उपासात जळजळ होते, पोट फुगतं, सकाळी साफ होत नाही. वय ४७, काय करू?

तुम्ही लिहिलंय की तीन आठवडे १६:८ करताय, दुपारी १ ते रात्री ९ खाता, वजन उतरतंय, पण अकरा वाजले की छातीत जळजळ, जेवलं की पोट टम्म, आणि सकाळी नुसतं बसून यायचं. या तिन्ही गोष्टी मी भोगल्यात म्हणून लिहितो. मी ५१ चा, सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे.

आधी चहा बघा. आमच्याकडे शेतकरी आला की चहा, व्यापारी आला की चहा, आणि मी साखर बंद केली म्हणजे उपास मोडत नाही असं धरून एक वाजेपर्यंत चार-पाच कप रिकाम्या पोटी घ्यायचो. दूध पडलं की उपास तसाही मोडतोच, वर पोटात ॲसिड सुटतं आणि त्याला कामाला अन्नच नाही, मग जळजळणारच. आता चहा फक्त खायच्या वेळेत, दोनदा. पहिले चार दिवस डोकं ठणकलं, पण आठवड्यात जळजळ निम्म्यावर आली.

पोट फुगण्याचं कारण मला डब्यात सापडलं. डबा उघडायच्या आधी हात भडंगाच्या पुडीत, लसूण, तिखट, तेल, आणि त्यावर चार चपात्या, मटकीची उसळ, भात, सगळं दहा मिनिटांत. सोळा तास रिकामं असलेलं पोट, तेही पन्नाशीचं, एकदम एवढं कसं घेणार? आमच्या घरात एकादशीचं पारणं कायम साध्या वरणभातावर व्हायचं, तळणाला कोणी हात लावायचं नाही, ते का ते मला आत्ता कळलं. आता मी आधी पेलाभर पातळ ताक घेतो, जिरेपूड घालून, मग पंधरा मिनिटं थांबतो आणि मग शाळूची भाकरी नि भाजी, सावकाश चावून. उसळ सोडली नाही, पण वाटीभरच आणि चांगली मऊ शिजवून, कारण कडधान्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यात जाऊन तिथले जंतू त्याचा गॅस करतात. ताकानेच फुगत असेल तर ते सोडा, वाढत्या वयात बऱ्याच जणांना दूध-ताक सोसत नाही.

पोटात गुरगुर होते म्हणालात त्याला मात्र घाबरू नका, रिकाम्या पोटी दर दीड-दोन तासांनी आतडी स्वतःची झाडलोट करतात, तो आवाज आहे.

आता सकाळचं. खाल्लं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा मिळतो आणि सकाळी तो जोरात असतो, नाष्टा बंद केला की तो इशाराच गेला. शिवाय खाणं कमी म्हणजे चोथा कमी, पाणीही कमी. म्हणून मी वेळच पुढे ओढली, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच. रात्री भिजवलेले दहा-बारा बेदाणे आधी खातो (शुगर असेल तर डॉक्टरांना विचारून), जेवतो आणि मग यार्डात जातो. अवघड गेली ती रात्र. घरी सगळे आठला जेवतात, मी कोमट पाण्याचा पेला घेऊन पंगतीत बसतो, सुरुवातीला हिला फार वाईट वाटायचं, माझ्यासाठी भाजी झाकून ठेवायची. पण भरल्या पोटी आडवं पडणं बंद झालं आणि रात्री घशाशी येणारं आंबट पाणी थांबलं. तुम्हाला साडेपाच जमत नसेल तर निदान झोपायच्या तीन तास आधी ताट संपवा.

एक मात्र मनापासून सांगतो. उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तेलकट खाल्ल्यावर जास्त, पाठीकडे किंवा खांद्याकडे जाणारं, तर ॲसिडिटी म्हणून गोळ्या खात बसू नका, सोनोग्राफी करा. लांब उपास आणि झपाट्यानं उतरणारं वजन यात पित्त साचून खडे होऊ शकतात. माझ्या बहिणीचे तीन महिने असेच गेले. शौचाला काळं होत असेल, गिळताना अडकत असेल तरी लगेच दाखवा. आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न सांगता उपास करूच नका, काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम खाली येते. सांधेदुखीची गोळी रिकाम्या पोटी घेत असाल तर तीही जळजळीचं कारण असू शकते.

तुम्ही कुठल्या गोळ्या घेता ते लिहिलं नाहीये, ते आणि सकाळी किती चहा होतात ते कळवा.